खर्ज

"गाणी ऐकायची तर घरी ऐक, नायरी," म्हणत माझा वरिष्ठ डंकन याने माझा अर्ज परत सरकवला. आमचं वनखातं वेस्ट कोस्टच्या रानात रेकॉर्डर लावतं आणि त्यातून एका दुर्मिळ पक्ष्याचा आवाज शोधणं हे माझं काम. त्यासाठी पाच प्रकार पारखून मी आवाज स्वच्छ आणि मोठा करणारा, साबणाच्या डबीएवढा यूएसबी डॅक-ॲम्प्लिफायर मागितला होता, मोठ्या हेडफोनला पुरेल असा.

"आधीच्या बाईने सहा वर्षं लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकलं. एक तक्रार नाही."

"आणि सहा वर्षं लिहिलं, 'पक्षी नाही'. म्हणून तू तिथे पक्ष्यांची अंडी खाणाऱ्या उंदरांसाठी सापळे लावले नाहीस. अरे, तो खर्जात घुमतो. तुझ्या त्या स्पीकरमधून खर्ज बाहेरच पडत नाही."

मी घरून आणलेली माझी डबी जोडली, पहिल्या वर्षीचं रेकॉर्डिंग लावलं आणि हेडफोन त्याच्या कानांवर चढवले.

"आहे की," तो हसला. "बरं बाई, मंजूर."

मग मी या वर्षीचं लावलं.

"यात काहीच ऐकू येत नाही."

"नाही येणार," मी म्हटलं. "आता तक्रार करायला कोणी उरलं नाही."