हिलालच्या जागी

"आत या हिलालभाऊ, पण चपला बाहेर," रंजना म्हणाली. "कॉम्प्युटरला धूळ चालत नाही."

"आमले चालस," हिलाल म्हणाला.

त्याने चपला दाराशी काढल्या आणि तो गार फरशीवर उभा राहिला. सुरतजवळच्या पलसाण्याच्या या मिलमध्ये नऊ वर्षं त्याने रंगाच्या हौदावर काढली होती. रंजना कॉम्प्युटर चालवायची त्या एसीच्या खोलीत आज तो पहिल्यांदा येत होता. त्याचा धाकटा भाऊ दत्तू उंबऱ्याबाहेरच थांबला. तो उधन्याला लूमवर कामाला. भावासाठी आज खाडा करून आला होता. शेठ जेवायला गेले होते. हातात अर्धा तास होता.

हिलालचं काम सुटून चार महिने झाले होते. गावाहून परतला, तर गेटवरच सांगितलं, जागा भरली. मग तो गेट-गेट फिरला. कामरेजला गेला, इच्छापोरला गेला. सगळीकडे तेच. वॉचमन नाव विचारायचा, बापाचं नाव विचारायचा, टेबलावरच्या कागदावरून बोट फिरवायचा. बोट एका जागी थांबायचं आणि गेट बंद व्हायचं. घरात पोरांची शाळा सुटली. बायको दुसऱ्यांच्या साड्यांना टिकल्या लावत बसली. काल इच्छापोरच्या म्हाताऱ्या वॉचमनला दया आली. तो म्हणाला, "भाई, तुमच्याच मिलच्या कॉम्प्युटरातून हा कागद निघालाय. अकरा मिलमध्ये गेलाय. तुझ्या नावापुढे फुली आहे."

"कसानी फुली, ताई?" हिलाल विचारत होता. "चोरी केली का मी? कोणाले मारलं का?"

रंजनाने मान खाली घातली. फुली तिनेच टाकली होती. क्लासमध्ये तिला न चुकता टाइप करायला शिकवलं होतं आणि ती चुकत नव्हती. शेठनी डॉक्टरांचे कागद पुढ्यात टाकले होते. म्हणाले होते, 'ज्यावर लाल खूण दिसेल, त्याच्या नंबरापुढे फुली टाक, बाकीचं वाचत बसू नको.' तिने वाचलं नव्हतं. तीनशे माणसं, नऊ फुल्या, एक फ्लॉपी. फ्लॉपी शेठच्या बॅगेत गेली आणि माणसं एकेक करून दिसेनाशी झाली. तेव्हाही तिने काही विचारलं नव्हतं.

"फुली त्या कॅम्पमधली आहे," ती हळूच म्हणाली. "दिवाळीनंतर डॉक्टर आले होते ना, तपासायला. तेव्हाची."

"कॅम्प?" हिलालचा आवाज एकदम चढला. "अवं, कॅम्पले मी नव्हतूच! मी गावले गयथू."

बोलला आणि त्याने जीभ चावली. चार महिने पोटात ठेवलेली गोष्ट तोंडातून सुटली होती. कोणी गावाला गेलं की भाऊबंदातला एकजण त्याचा बिल्ला लावून त्याच्या जागी उभा राही. सगळी खानदेशी माणसं असंच करत. जागा जाऊ नये म्हणून. सुपरवायझर बिल्ल्याचा नंबर बघायचा, बिल्ल्यामागचं माणूस बघायचा नाही. हिलाल गावाला गेला होता तो दत्तूसाठी पोरगी बघायला. पंधरा दिवस दत्तू हिलाल झाला होता.

"म्हणजे रांगेत—"

"मी व्हतू!" दत्तू दारातून ओरडला. त्याच्या चेहऱ्यावर दिवाळी उगवली. "तरी म्हणतो! मनाच घोटाळा शे हा. तो डॉक्टर छातीना फोटो काढे, म्हणे, श्वास रोक. माले हसू येई गयं. तो चिडला, म्हणे पुन्हा उभा ऱ्हाय. पुन्हा हसलो. त्यानंच मारली असंल खूण."

"गाढवा," हिलाल म्हणाला, पण तोही हसत होता. चार महिन्यांत पहिल्यांदा. "तुना दात काढनामुळे मनं पोट मारलं."

"मग काढ ना ताई त्याचं नाव. मनं टाक. आम्हा लूमवाल्यांकडं कुठला कॉम्प्युटर! माले काय व्हई? आखाजीले मनं लगन शे, भाऊ बिनकामाचा मांडवात शोभेल का?"

रंजनालाही हलकं वाटलं. फुली उचलायची, दुसऱ्या नावावर ठेवायची. नवी फ्लॉपी काढायची. शेठना म्हणायचं, माझी चूक झाली. फक्त खूण कसली, ते आधी डॉक्टरांच्या मूळ कागदावर बघावं लागेल. तिने कपाट उघडलं. फाइल काढली. हिलालच्या नंबराचा कागद सापडला. कोपऱ्यात लाल खूण होती. आज पहिल्यांदा तिने त्याखालचं गुजराती वाचलं.

दोन्ही फुप्फुसं क्षयाने धरली आहेत. औषध आजच सुरू करावे. उशीर झाल्यास जीव वाचणे कठीण. रोग्याला ताबडतोब कळवावे.

खाली तारीख होती, चार महिन्यांपूर्वीची.

एसी घरघरत होता. कर्सर हिलालच्या नावापुढे लुकलुकत होता. रंजनाने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि ती तिथेच राहिली.

"सापडलं का, ताई?" दत्तूने उंबऱ्याबाहेरून हसत विचारलं. "नीट टाक बरं. दत्तू उखा माळी. जे मनं शे, ते मनाच नाववर टाक."