जास्तीत जास्त बारा महिने

“बारा महिने? नरक, आणि फक्त बारा महिने?” लाँड्रीवालीने इस्त्री उभी ठेवली. “अहो, काही गिऱ्हाइकं कोट न्यायला याहून जास्त दिवस लावतात!”

आतल्या खोलीत पलंगावर पडलेला तिचा नवरा हसला, आणि हसता हसता खोकला. तो घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्याने लोकांची घड्याळं चालती केली. आता डॉक्टरांनी त्याचेच दिवस मोजून दिले होते.

“जास्तीत जास्त बारा,” तो म्हणाला. “आमच्यात यावरही शंभर मतं आहेत म्हणा. पण आमचा नरक म्हणजे तुझी लाँड्रीच समज. मळ निघाला की कपडा बाहेर.”

“आमच्यात तसं नाही. गेला तो गेला. कायमचा.”

“मग मालक फारच रागीट दिसतो तुमचा.”

तिला हसू आलं नाही. तो यहुदी, ती ख्रिस्ती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षं ती ‘बाप्तिस्मा घ्या’ म्हणून त्याच्या मागे लागली होती. आपला नवरा आगीतून वाचावा असं कुठल्या बाईला वाटणार नाही? इस्त्रीचा चटका क्षणभर सोसत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक! लोकांना ती एवढंच सांगे.

खरं दुखणं वेगळं होतं. खरं दुखणं थोरली होती.

थोरली म्हणजे घड्याळजीची पहिली बायको. अकरा वर्षांपूर्वी गेली. मेल्या म्हशीला मणभर दूध, तशी गेल्यापासून ती दरवर्षी जास्तच गुणाची होत चालली होती. आणि हिला मात्र पन्नाशी उलटली तरी गल्ली ‘धाकटी’ म्हणे. जिवंत असून धाकटी, ज्या घरात राहते त्या घरातही धाकटी.

थोरलीला मूलबाळ नव्हतं. त्यांच्यात आईबाप गेले की मुलाने अकरा महिने रोज प्रार्थना म्हणायची असते. थोरलीसाठी ती यानेच म्हटली. ऊन असो, थंडी असो, दुकान उघडायच्या आधी हा सिनॅगॉगमध्ये हजर. एकदा हिने विचारलं होतं, “शिक्षा बारा महिन्यांची, मग प्रार्थना अकराच का?”

“पूर्ण बारा लागतात ते दुष्टाला,” तो म्हणाला होता. “मी बारा म्हटली तर मीच तिला दुष्ट ठरवल्यासारखं नाही का होणार?”

आपल्यामागे कोणी अकरा दिवस तरी गुडघे टेकेल का, या विचारात त्या दिवशी तिने तीन कॉलर करपवल्या.

तिने मनाशी सगळं ताडून पाहिलं होतं. त्याचं खरं असेल, तर वर्षाच्या आत तो धुऊन निघणार आणि थोरलीच्या शेजारी जाऊन बसणार. युगानुयुगं. आपलं खरं असेल, तर तो आगीत आणि आपण स्वर्गात एकट्या. दोन्हीकडून हात रिकामेच. एकच वाट होती: त्याला आपल्या दारातून आत न्यायचा. त्या दारातून थोरलीला कोण आत घेतंय!

थोरलीचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलत नसे. शेवटच्या आठवड्यात ही तिचे धुतलेले गाऊन घेऊन हॉस्पिटलात गेली होती. थोरलीने हिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि गोड हसून म्हणाली, “सांभाळ हो त्याला. मला काही घाई नाही.”

तेव्हा हिच्या आणि घड्याळजीच्या मनात तसलं काहीसुद्धा नव्हतं. म्हणजे, त्याच्या तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर आले. म्हातारे, मऊ बोलणारे. आजारी माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या उशाशी दोन घटका बसणारे. नरकाबद्दल तेसुद्धा हिच्याइतके ठाम नसत.

“फादर, तुम्हीच सांगा यांना, कायमचं म्हणजे किती ते.”

“मी जबरदस्ती करणार नाही, बाई. पण आम्हा दोघांना जरा बोलू दे.”

दार लागलं. ती चादरींच्या घड्या घालत होती आणि कान दाराला लावून होती. आत कुजबुज झाली. मग नवऱ्याचं हसू ऐकू आलं. किती दिवसांनी तो न खोकता हसला होता!

दार उघडलं. घड्याळजीचे डोळे ओले होते.

“घेतो बाप्तिस्मा,” तो म्हणाला. “आत्ताच घेतो. उशीर नको.”

नऊ वर्षं न हललेला डोंगर अर्ध्या तासात हलला. त्याच्या कपाळावर पाणी पडलं, तेव्हा तिच्या मनात नरक नव्हता, स्वर्गही नव्हता. फक्त थोरली होती. कुठल्याशा बागेत बाकावर बसून वाट बघणारी. बघ म्हणावं. बस आता वाट बघत!

चौथ्या दिवशी दुपारी घड्याळजी गेला. दफन आटोपल्यावर ती चर्चच्या कचेरीत गेली. नोंदवहीत त्याचं नाव चढलेलं तिला डोळ्यांनी बघायचं होतं. शिक्षण बेताचं, पण तेवढं नाव वाचता येत होतं. तिने त्यावरून बोट फिरवलं.

“फादर, एक विचारू? नऊ वर्षं मी डोकं फोडलं. तुम्ही असं काय सांगितलंत? नरकाचंच ना?”

फादरनी चष्मा काढून पुसला.

“नरकाचा विषयच निघाला नाही, बाई. एक निरोप होता. त्यांची वेळ जवळ आल्याशिवाय सांगायचा नाही, असं मी वचन दिलं होतं.”

त्यांनी वहीची पानं मागे उलटली. अकरा वर्षं मागे. एका ओळीवर बोट ठेवलं.

“हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात घेतला तिने बाप्तिस्मा. म्हणाली, ‘ती लाँड्रीवाली त्याच्याशी लग्न करणार, आणि त्याला तिच्या स्वर्गात ओढल्याशिवाय राहायची नाही. मी आपली पुढे जाऊन जागा धरते.’”