गॅरेजमधलं तळं

गॅरेजची फुटकी जमीन उखडून मिस्त्रीने नवं काँक्रीट ओतलं आणि बाबांना बजावलं, "काका, वर पाणी साचवून ठेवा. मी येऊन बघेपर्यंत काढू नका."

मग मिस्त्री गावाला गेला. महिना झाला, बाबा रोज तळं भरतायत. माझी नवी गाडी शेजाऱ्यांच्या नारळाखाली उभी. एक नारळ टपावर पडलाय, दुसरा तयारीत आहे.

मध्यंतरी डासांची तपासणी करणाऱ्या ताई आल्या. त्यांनी बाबांना झापलं आणि अळ्या खायला पाण्यात गप्पी मासे सोडले.

आज मी बादली घेऊन आत घुसलो. "मिस्त्री गेला खड्ड्यात! मी पाणी काढतोय."

"हळू बोल," आई आडवी आली. "गप्पीला काल पिल्लं झालीत. बाळंतिणीला घराबाहेर काढतोस?"

मी बादली ठेवली आणि आवाज न करता शटर ओढलं.