खिडकी

“कट! अगं जुई, खिडकी कशाला लावतेस? बाप आईला मारतोय, तू दारात उभं राहून नुसतं रडायचंस!” दिग्दर्शक ओरडला.

माझी आठ वर्षांची पोर शांतपणे म्हणाली, “पण काका, आधी खिडकी लावायची असते. नाहीतर शेजारी ऐकतात.”

सेटवरच्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी खुर्चीत तिचा डबा धरून बसलेले. हे मी कधी शिकवलं हिला? शिकवलं नाही. घरी मार बसायच्या आधी मीच खिडकी लावते, ते बघितलं असणार.

“कुठल्यातरी सिरियलमध्ये बघितलं असेल,” मी हसत म्हणाले. कुणी हसलं नाही.

दिग्दर्शक मात्र खूश. “कमाल आहे! हेच ठेवू.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. लेकीचं कौतुक चाललंय की माझे वाभाडे निघतायत, काही समजेना.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “खिडकी लावून झाल्यावर काय करायचं असतं गं?”

जुईनं आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सांग म्हणून की नको म्हणून, देवाशप्पथ, माझं मलाच कळलं नाही.

ती सांगायला लागली.