तिसऱ्या कडव्यातला थांबा

"अरे, थांबलात का?" म्हातारा गायक माइकसमोरून ओरडला.

गिटारवाला, ड्रमवाला आणि बासवाली पोरगी, तिघंही तिसऱ्या कडव्याच्या ऐन मध्यात गप्प झाले होते. श्वासभर थांबून त्यांनी पुन्हा एकदम उचललं, तोवर हा पुढे निघून गेलेला. सकाळपासून हेच चाललं होतं.

त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं आज नव्याने रेकॉर्ड होत होतं, त्याच जुन्या स्टुडिओत. तीन रेकॉर्ड काढून त्याने गाणं सोडलं होतं. गाण्याने मात्र लोकांना सोडलं नाही. गाताना चष्मा काढून खिशात ठेवायची त्याची सवयही सुटली नव्हती. पोस्टरवर चष्मा शोभत नाही, असं तरुणपणी त्याच्या डोक्यात बसलं होतं. चष्मा काढला की माइकपलीकडे नुसतं धुकं.

"सर, तिथे थांबायचंच असतं," गिटारवाला चाचरत म्हणाला. "तुमच्याच रेकॉर्डवर तसं आहे. आम्ही त्यावरच शिकलो. आमच्या कार्यक्रमात अख्खं मैदान तिथे गप्प होतं."

गायक चक्रावला. त्या शांततेवर लोकांनी लांबलचक लेख लिहिले होते. त्याने ते वाचलेही होते, पण ओ की ठो कळलं नव्हतं.

"ती चूक आहे रे! आज सरळ गायचं. मरायच्या आधी एकदा तरी नीट होऊ दे."

"चूक?"

दाराजवळच्या खुर्चीवरून त्याच्या बायकोने विचारलं. मांडीवर त्याच्या गरम पाण्याचा थर्मास होता.

"हे पहिल्यांदा रेकॉर्ड झालं त्या दिवशी मी याच दारात उभी होते. हातात बॅग होती. आठवडा आठवडा तू घरी फिरकायचा नाहीस. म्हटलं, जाते एवढं तोंडावर सांगावं आणि सुटावं." ती थर्मासच्या झाकणाशी चाळा करत राहिली. "डोळ्यांवर चष्मा नव्हता, तरी ओळखलंस मला. गाता गाता थांबलास. तू कधी कुणासाठी थांबला होतास? म्हणून तर बॅग खाली ठेवली मी."

पोरं आपापल्या वाद्यांत डोकं खुपसून बसली.

दारात कोणी उभं असल्याचं गायकाला काही केल्या आठवेना. बॅगही आठवेना. आठवत होती फक्त पुढची ओळ, ऐन वेळी डोक्यातून साफ उडालेली. ती शोधत तो समोरच्या धुक्याकडे बघत राहिला होता. की खरंच काही दिसलं होतं? त्याला सांगता येईना, आणि फार वाईट वाटलं.

"मग काय करायचं, सर?" ड्रमवाल्याने विचारलं.

"थांबायचं."

त्याने खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि डोळ्यांवर चढवला. गाणं सुरू झालं. तिसऱ्या कडव्यात तिघं थांबले. तोही थांबला आणि त्याने दाराकडे पाहिलं.

या वेळी पुढची ओळ त्याला पक्की आठवत होती.