जामीनदार

"मंजूर झालं," कर्ज विभागातल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा दोघांकडे वळवला.

फ्रिजवाल्यानं आकडा पाहिला. फ्रिज दुरुस्त करायचा, म्हणून सगळा परिसर त्याला फ्रिजवाला म्हणूनच ओळखायचा. बोटांच्या पेरांत कायमचं काळं मुरलेलं, म्हणून त्यानं हात टेबलाखाली ठेवले होते. बायकोनं तिथेच त्याचा हात घट्ट धरला.

"पहिल्यांदा आला होतात तेव्हा मी तुम्हाला उभ्या उभ्याच परत पाठवलं होतं," बाई म्हणाल्या.

"साधं पाणीसुद्धा विचारलं नव्हतंत."

"विचारणार होते हो. पण तुमचा क्रेडिट स्कोर बघून माझ्याच घशाला कोरड पडली!"

तिघंही हसले. आता हसता येत होतं. तेव्हा भिंतभर टीव्ही, नवी कोरी मोटरसायकल, सगळं हप्त्यावर होतं. आणि हप्ते थकले की बँकेचा फोन उचलायचा नाही, एवढाच त्याचा हिशेब. घर घ्यायला निघाल्यावर कळलं, की बाजारात आपल्या नावाला काडीची किंमत उरलेली नाही. मग मात्र त्यानं कानाला खडा लावला. मोटरसायकल विकली, थकलेलं सगळं दंडासकट फेडलं, क्रेडिट कार्ड बायकोच्या हवाली केलं. दर महिन्याला दोघं मोबाईलवर स्कोर बघायचे आणि तापातल्या पोराला आज बरं वाटतंय म्हणावं, तसे एकमेकांकडे बघायचे.

"मधल्या काळात कुणाला जामीन तर राहिला नाहीत ना?" शेवटचा कागद पुढे ओढत बाईंनी विचारलं.

"छे हो!" तो ताठ बसला. "सख्ख्या बहिणीनं विचारलं होतं. तिलासुद्धा नाही म्हटलं. म्हटलं, आत्ता कुठे स्कोर वर येतोय, त्यात तुझ्यासाठी सही केली की परत खड्ड्यात."

बाईंनी मान वर केली. "नुसत्या सहीनं नाही खड्ड्यात जात. ज्यानं कर्ज घेतलंय त्यानं हप्ते चुकवले, तरच जातो. तुमची बहीण चुकवणाऱ्यातली आहे का?"

आई गेल्यावर ताईनंच त्याला वाढवलं होतं. शिलाईच्या पैशांतून त्याची फी भरली होती, आणि फी राहिली म्हणून वर्गात उभं राहायची वेळ त्याच्यावर एकदाही आली नव्हती.

"म्हणजे काहीच झालं नसतं?" बायकोनं हळूच विचारलं.

"कर्ज थोडं कमी मिळालं असतं, कदाचित. एखादी खोली कमी." बाईंनी पेन पुढे केलं. "इथे सही करा. आणि इथे."

त्यानं सही केली. दोन्हीकडे.

बाहेर पायऱ्यांवर ऊन आलं होतं. बायको फाईल छातीशी धरून उभी राहिली. "तेव्हा मीही काही बोलले नाही," ती म्हणाली.

ताई आली होती तो दिवस दोघांनाही स्वच्छ आठवत होता. ज्या गाळ्यात ती लहान मुलांचे कपडे विकायची, तो मालकानं विकायला काढला होता. पहिला हक्क तिचा होता. कर्जही मिळत होतं, फक्त जामीन हवा होता. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि त्यानं तिला स्कोर म्हणजे काय ते लहान पोराला समजवावं तसं समजावलं होतं. "बरं, राहू दे," ती म्हणाली होती. "तुझं घर आधी होऊ दे." गाळा दुसऱ्यानंच घेतला. त्यानं ताईला पगारावर ठेवून घेतलं. काउंटर तोच.

फ्रिजवाल्यानं ताईला फोन लावला.

"ताई, कर्ज मंजूर झालं."

"काय सांगतोस! अरे वा रे माझ्या वाघा!" तिचा आवाज चिरकला. "स्वयंपाकघराला खिडकी आहे ना? आधी ते सांग."

"आहे. ताई, मी तेव्हा तुला..."

"आणि ऊन? सकाळचं ऊन आत येतं का? तुझ्या बायकोचे गुडघे दुखतात, अंधारं घर घेऊ नकोस बाबा."

"येतं. ताई, ऐक ना माझं. ती सही..."

पलीकडे कुणीतरी पुरुषी आवाजात हाक मारली.

"आले मालक!" ताई म्हणाली. मग फोनजवळ तोंड आणून, "गिऱ्हाईक आलंय. ठेवू नकोस हं, मला सगळं ऐकायचंय."

फोन काउंटरवर ठेवल्याचा आवाज झाला. तो कानाला फोन लावून उभा राहिला. बायकोनं खुणेनं विचारलं, त्यानं फक्त मान हलवली.

"या ना, या," पलीकडे ताई कुणाला तरी म्हणत होती. "केवढं आहे बाळ? मग हे बघा, कापड मऊ आहे, अंगाला टोचत नाही."

एक बाई काहीतरी पुटपुटली.

"किंमत कमी होईल का?" ताई म्हणाली. "ते माझ्या हातात नाही हो. विचारून सांगते."