थोरलीच्या दाराची तीन भोकं

सुनेला वागायची रीतच नव्हती. परवा दाराशी ठोंब्यासारखी उभी होती. सासूबाईंनी चांगली दहा मिनिटं झापलं, तरी हूं नाही की चूं नाही. शेवटी सासूबाईच दमल्या.

त्यात आता हे दारांचं खूळ. पॅसेजमधली चारही दारं तिने खरवडून घेतली. वर्षानुवर्षांचा रंग गेला, पोपडे गेले, ओघळ गेले. घर परकं झालं. सकाळी सासूबाई कोठीत शिरल्या. मागून सून आली, तशा ठणकावून म्हणाल्या, "डबे तपासतेय."

कमरेच्या किल्ल्या अजून त्यांच्याकडे होत्या. किल्ल्या गेल्या की माणूस अडगळीत, हे त्या ओळखून होत्या. सुनेचा डोळा त्यावरच असणार.

दुपारी सुतार दारांतली जुन्या खिळ्यांची भोकं बुजवत होता. त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवायचा, पातीने दाबून भरायचा, जरा उंचच ठेवायचा.

"सुकला की बसतो, आजी. मग पॉलिशपेपर मारायचा."

सासूबाईंनी जिन्याच्या दारावर बोट फिरवलं. लोण्यासारखं.

"माझ्या खोलीचं झालं का?"

"हे काय, तुमच्या उजव्या हाताशीच."

कडीपाशी बोट अडखळलं. एक. दोन. तीन.

"आणि ही रे?"

"सूनबाई म्हणाल्या, राहू द्या. तुमच्या दाराला तीन, न्हाणीघराला दोन, कोठीला एक."

"जिन्याच्या दाराला?"

"एकही नाही. ते तर दोनदा घासायला लावलं."

"म्हणजे पाहुण्यांपुढे लोणी, आणि घरच्या थोरलीला चाळणी! का भोकातून नजर ठेवायचीय माझ्यावर?"

"आरपार नाहीत हो ती."

"तू गप्प बस. सूनबाई!"

सून हात पुसत आली.

"म्हातारी चार दिवसांची, तिच्या दाराला भुसा कशाला घालवायचा, असंच ना? आज भुसा वाचवलास, उद्या किल्ल्या मागशील. बोल!"

सुनेने सुताराला चहा प्यायला खाली पाठवलं. त्याची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत ती थांबली.

"रंग गेल्यावर दारं हाताला सारखीच लागायला लागली, आई. आता तीन लागली की तुमची खोली. नुसतं गुळगुळीत लागलं की पुढे जिना, मागे फिरायचं."

सासूबाईंची मूठ किल्ल्यांवर आवळली.

"तुमच्या मुलालाही बोलले नाहीये मी," सून म्हणाली. "किल्ल्या असू द्या तुमच्याकडेच."

"तुला कुणी सांगितलं?"

"परवा दाराशी मी नव्हतेच, आई. खुंटीवर माझा रेनकोट होता."

सासूबाईंनी हात पुन्हा दाराला लावला. बोट तिन्ही भोकांवरून एकदा खाली गेलं, एकदा वर आलं.

"तरीच!" त्या म्हणाल्या. "म्हटलं, दहा मिनिटं गप्प ऐकून घेण्याइतकी तू गुणाची झालीस कधी!"